निळा-हिरवा त्रिकोण आणि ‘उंदरावर पास झालेलं’ औषध: एका फॉरवर्डला उत्तर

पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी सुरू झाली की शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: कीटकनाशकाच्या डब्यावर निळा किंवा हिरवा त्रिकोण असेल तर माणसाला धोका नाही, सगळी औषधं उंदरांवर तपासून सरकारनं पास केलेली असतात, विषबाधा होते ती शेतकऱ्याच्या हलगर्जीपणानं, आणि आता कंपन्यांना उंदरांवरच्या चाचण्याही नकोत, म्हणून काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी आणि कॉम्प्युटर यांवर चाचण्या करायचं खूळ काढलंय. चार दावे आहेत. शेवटच्यात तेवढं थोडं तथ्य आहे.

आधी त्रिकोण. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हा रंग मुख्यतः एका प्रश्नावर ठरतो: किती मात्रेत निम्मे प्राणी मरतात? तोंडावाटे दिल्यास वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. कातडीवरून दिल्यास मर्यादा वेगळ्या. म्हणजे रंग सांगतो तो झटपट मरणाचा हिशेब. वर्षानुवर्षं फवारणाऱ्याच्या नसांचं काय होतं, पोटातल्या बाळाचं काय होतं, हे त्यात उतरत नाही. त्याच्या चाचण्या असतात, पण त्या नोंदणीच्या फायलीत राहतात, डब्यावर येत नाहीत. पॅराक्वाट हे तणनाशक घ्या. त्याचा त्रिकोण पिवळा, लालच्या एक पायरी खाली. पण ते पोटात गेलं तर फुफ्फुसं निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही.

गंमत म्हणजे ‘निम्मे प्राणी मरतात ती मात्रा’ ही कल्पना १९२७ मध्ये ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं मांडली ती रोग्याला द्यायच्या औषधांची ताकद मोजण्यासाठी. डिजिटॅलिस (हृदयाचं औषध), इन्सुलिन यांची प्रत्येक खेप सारखी जोमदार आहे का, हे पाहायचं होतं. श्रीमंत देशांची आर्थिक संघटना ओईसीडी हिनं त्या जुन्या पद्धतीची तोंडावाटे चाचणी २००२ मध्ये आपल्या यादीतून काढून टाकली. आपल्या डब्यावरचे रंग मात्र त्याच आकड्यांवर उभे आहेत.

‘उंदरावर पास’ या दाव्यावर थोडं थांबू, कारण खरी गोम इथंच आहे. उंदराच्या रक्तात कार्बोक्सिलएस्टरेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट (नसांवर मारा करणाऱ्या कीटकनाशकांचा एक गट) औषधाचा काही भाग ते स्वतःवर झेलतं, सायपरमेथ्रिनसारखी औषधं ते फोडून टाकतं. माणसाच्या रक्तद्रवात ते नसतं, यकृतात असतं. मग उंदराचा आकडा जसाच्या तसा माणसाला कसा लावायचा? म्हणून रोजच्या सुरक्षित मात्रेचा हिशेब करताना शंभरानं भागायची रीत आहे: दहा पट उंदीर आणि माणूस यांतल्या फरकासाठी, दहा पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. ही रीत १९५० च्या दशकातली. ती ढोबळ अंदाजावर चालते, कुठल्या औषधाला फरक तिप्पट आणि कुठल्याला तीसपट हे ती सांगत नाही.

आता पंपात डोकावा. नोंदणी होते ती एकेका डब्याची. वावरात मात्र एक अळीचं, एक रसशोषक किडीचं, वर टॉनिक, असं तीन-चार डब्यांचं मिश्रण एकाच पाण्यात जातं. कृषी केंद्रातूनच तसा सल्ला मिळतो. प्रोफेनोफॉस ते विकर अडवून धरतं, मग सायपरमेथ्रिन शरीरात फुटायला उशीर लागतो. अळीवर ही जोडी जास्त चालते त्याचं एक कारण हेच आहे, आणि फवारणाऱ्याच्या यकृतातही रसायनशास्त्र तेच राहतं. ही जोडी तरी एका डब्यात नोंदलेली मिळते. गड्यानं तिच्यात आणखी दोन डबे ओतले की त्या मिश्रणाची चाचणी कोणत्याच फायलीत नसते.

हलगर्जीपणाचं म्हणाल, तर २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाली. सगळ्यांचीच एका हंगामात अक्कल गेली होती का? डोक्याएवढी झालेली पऱ्हाटी, घामानं ओली कातडी, दिवसभर पाठीवर पंप. हातमोजे, मास्क हवेतच. पण रोजंदारीचा मजूर विदर्भातल्या ऑक्टोबर हीटमध्ये रबरी सूट घालून फवारेल, असं धरून जो धोका मोजला जातो तो कागदावरचाच.

राहिल्या काचेतल्या पेशी. हे कंपन्यांचं खूळ म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं, सरकारी पर्यावरण संस्थेच्याच सांगण्यावरून, विषारीपणा मानवी पेशींवर तपासण्याची दिशा मांडली. कातडीच्या ॲलर्जीसाठी प्राण्यांशिवायच्या चाचण्या एकत्र करून निर्णय घ्यायची पद्धत ओईसीडीनं २०२१ मध्ये मान्य केली. भारतानं सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या २०१४ मध्येच बंद केल्या. मानवी यकृताच्या पेशींवर दहा मिश्रणं एका वेळी तपासता येतात. तेवढ्या मिश्रणांना उंदीर पुरवायचे कुठून? पेशी सगळं सांगत नाहीत, हेही खरं. धाप, झटके, अख्ख्या शरीराचा प्रतिसाद बशीत दिसत नाही. म्हणून कुठलीही एकच चाचणी पुरेशी मानू नये.

मेसेजामागची रास्त भीती एवढीच की चाचणी कंपनीच्या पैशानं होते आणि कच्चे आकडे लोकांसमोर येत नाहीत. पण उंदरांवरच्या चाचण्यांतही हेच चालत आलंय. मागायचं असेल तर त्या आकड्यांचा खुलासा मागा.

आणि एक गोष्ट माणसावरच मोजता येते. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ऑर्गनोफॉस्फेट वारंवार हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज (नसांच्या कामाला लागणारं विकर, जे ही औषधं दाबतात) आधी आणि नंतर तपासतात. पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की त्या मजुराला त्या कामावरून बाजूला करतात. सायपरमेथ्रिनसाठी ही तपासणी उपयोगाची नाही, पण मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससाठी आहे. फवारणी सुरू व्हायच्या आधी गावातल्या फवारणाऱ्यांचं रक्त एकदा तपासून आकडा लिहून ठेवावा, मग सप्टेंबरात पुन्हा. ग्रामसभेत ठराव करून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ही मागणी करता येते.