एअर फिल्टर काढल्याने रिच गाडी दुरुस्त होत नाही

कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेल्या, गाड्यांबद्दल एक सल्ला सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्समध्ये सारखा फिरतोय. सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास, काळा प्लग आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज दिसलं की समजायचं, गाडी रिच झालीय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, कारण तिला हवा कमी पडतेय. मग कंपनीचा एअर फिल्टर डब्यासकट काढायचा आणि कार्बोरेटरच्या तोंडाला कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, लावायचा. जास्त हवा गेली की मिश्रण आपोआप पातळ होतं, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढतं, जेटला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याला, हात लावावा लागत नाही, असा दावा. सोबत पुरावा म्हणून आधीच्या काळ्या आणि नंतरच्या पांढऱ्या प्लगचा फोटो.

1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचा बीएस-6 नियम लागू झाला आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास गेला. पण जुन्या स्प्लेंडर, पल्सर, युनिकॉर्न, बुलेट आजही रोज कामावर जातात, दूध घालतात, शेताच्या बांधापर्यंत पोचतात. त्यांच्या मालकांना इंजिनाचं काम काढणं परवडत नाही, म्हणून हा सल्ला मुद्देसूद खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

"रिच म्हणजे हवा कमी पडणं."

हे अर्धंच खरं आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 1 भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा लागते. हे प्रमाण हवा अडली तरी बिघडतं आणि पेट्रोल जास्त आलं तरी बिघडतं. जुन्या गाडीत मला दुसरं कारणच जास्त वेळा दिसतं.

चोकपासून, म्हणजे थंड गाडी चालू करताना जादा पेट्रोल देणाऱ्या भागापासून, सुरुवात करा. पल्सरसारख्या बऱ्याच गाड्यांत चोक म्हणजे एक छोटा प्लंजर असतो आणि त्याच्या बुडाला रबर असतं. ते रबर वर्षानुवर्षं एकाच जागी दाबलं जाऊन त्यावर गोल खाच पडते. मग चोक बंद केला तरी तिथून पेट्रोल खेचलं जात राहतं. प्लंजर बाहेर काढून रबरावर नख फिरवा, खाच लगेच हाताला लागते. केबल ताणलेली असेल तर रबर चांगलं असूनही प्लंजर पूर्ण खाली बसत नाही.

त्यानंतर फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये (खालच्या वाटीत) पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग. फ्लोटच्या सुईच्या टोकावर झिजल्याची रेघ दिसली की ती सुई पेट्रोल नीट अडवत नाही, बाऊलमधली पातळी चढते आणि गाडी सगळ्याच रेसला रिच होते. बाऊलच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती कार्बोरेटरला चिकटवून उभी धरा आणि ड्रेनचा स्क्रू सैल करा. आतली पातळी नळीत दिसते. ती मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून बघा.

रेस दिली की वर उचलणाऱ्या स्लाईडची लांब सुई ज्या जेटमधून वर-खाली होते, त्या जेटचं भोक घासून घासून अंडाकृती होतं. अशी गाडी मधल्या रेसला रिच होते, आणि तिथे सुई आणि जेट दोन्ही बदलणं हाच इलाज. कार्बोरेटरच्या मागच्या तोंडाशी हवेची बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली तर पेट्रोलमध्ये हवा मिसळत नाही आणि ते जाड धारेने जातं. व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर, चालणारा पेट्रोल कॉक असेल तर त्याचा पडदा फाटून व्हॅक्यूमच्या नळीतूनच इंजिनात पेट्रोल ओढलं जातं. आणि आधीच्या मालकाने कुणाच्या तरी सांगण्यावरून मोठा मेन जेट (मोठ्या रेसला पेट्रोल देणारा जेट) घातलेला असणं हेही काही दुर्मीळ नाही.

यातलं एकही दुखणं फिल्टर काढल्याने बरं होत नाही.

"जास्त हवा गेली की मिश्रण आपोआप पातळ होतं."

फिल्टरचा अडथळा सर्वांत जास्त जाणवतो तो रेस मोठी असताना, कारण हवा तेव्हाच भरपूर वाहते. स्टँडवर गाडी चालू ठेवली असताना फिल्टर असला-नसला तरी फारसा फरक पडत नाही. म्हणजे चोक गळत असलेल्या गाडीला कोन फिल्टर लावला तर ती स्टँडवर आणि कमी रेसला रिचच राहते. उलट पूर्ण रेसला, म्हणजे घाट चढताना किंवा हायवेवर, ती लीन होते, म्हणजे मिश्रण गरजेपेक्षा पातळ होतं. फिल्टरचा अडथळा गेल्याने कार्बोरेटरच्या घशातली ओढ कमी होते आणि मेन जेटमधून पेट्रोल कमी उचललं जातं. एकाच गाडीत दोन उलटे बिघाड तयार होतात आणि दोन्ही एकमेकांना झाकतात. पुढच्या मिस्त्रीला अशी गाडी ट्यून करणं फार अवघड जातं.

म्हणून आधी रिच नेमकं कुठे आहे ते शोधा. थ्रॉटलच्या मुठीवर टेप लावून बंद, पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर एक रेघ मारा. पावच्या खाली त्रास असेल तर स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल देणारा), मिक्स्चर स्क्रू आणि चोक बघा, मधे असेल तर स्लाईडची सुई. पाऊणच्या वर असेल तर मेन जेट, आणि फिल्टरवर खरा संशय घ्यायचा तो तिथेच. सुईची क्लिप एक खाच वर बसवली की सुई खाली जाते आणि मधली रेस पातळ होते. मिक्स्चर स्क्रू फिरवण्याआधी तो कुठल्या बाजूला आहे ते पाहा. फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवेचा असतो, तो सोडला की मिश्रण पातळ होतं. इंजिनाच्या बाजूचा पेट्रोलचा असतो, तो सोडला की रिच होतं. हे न बघता फिरवलेला स्क्रू मी कितीतरी गाड्यांत पाहिलाय.

"पांढरा प्लग हा पुरावा."

हो, गाडी लीन झाली याचा पुरावा. चांगल्या प्लगचा रंग फिकट तपकिरी ते बिस्किटासारखा असतो. पांढराफटक प्लग म्हणजे आत उष्णता वाढलीय, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ती मुख्यतः सिलिंडरवरच्या पंखांतूनच बाहेर जाते. चढावर टकटक आवाज, आणि त्याहून वाईट म्हणजे पिस्टन चिकटणं किंवा त्याला भोक पडणं, इथपर्यंत गोष्ट जाते. त्यात आता पंपावर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने ई-20 ला पूर्ण जळायला साधारण 13.5 भागच हवा लागते. त्याच जेटवर गाडी आधीच थोडी लीन झालेली असते, वर फिल्टर काढायचा.

काळा प्लग म्हणजे दरवेळी रिचच असंही नाही. कोरडी काजळी असेल तर रिच किंवा कमजोर स्पार्क, तेलकट ओला काळा असेल आणि धूर निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय.

"कंपनी मुद्दाम हवा अडवते."

फिल्टरचा डबा ठरावीक आकारमानाचा असतो. हवेचे झटके तिथे शांत होतात आणि कमी आरपीएमची ओढ त्यावर अवलंबून असते. व्हॅक्यूमवर स्लाईड उचलणाऱ्या कार्बोरेटरमध्ये पडद्याखालची जागा डब्यातल्या स्थिर हवेच्या भरवशावर चालते. तिथे थेट कोन लावला तर स्लाईड थरथरते आणि मधेच गाडी अडखळते. पावसाचं पाणीही तोच डबा अडवतो.

फिल्टर न लावताच गाडी चालवा, हळू चालवलं तर काही होत नाही, असंही काहीजण सांगतात. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे चालवा, नाहीतर खडी क्रशरजवळून रोज जा. ती धूळ ऑइलमध्ये मिसळली की सिलिंडर आणि रिंगा घासून निघतात. त्याचा खर्च फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट येतो.

लडाखला जाणारे आपले बुलेटवाले उंचीवर फिल्टर काढायला सांगतात, तोही याच जातीचा सल्ला. लेहला, साधारण 3,500 मीटरवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या 70 टक्क्यांच्या आसपास असते आणि गाडी खरोखर रिच होते. पण त्यावर उपाय लहान मेन जेट आणि क्लिप एक खाच वर, परत आल्यावर पूर्ववत. तिथल्या रस्त्यांवरची धूळ बघता फिल्टर काढण्याची सर्वांत वाईट जागा तीच.

फिल्टर चोंदलेला असू शकतो, हे अर्थातच खरं. मग तोच बदला. कोरडा कागदी फिल्टर आतून बाहेर हलकी हवा मारून काही काळ चालतो. तेल लावलेला कागदी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, सुकवून, थोडं ऑइल लावून पिळून बसवा. फोम हातात चुरा होत असेल तर टाकून द्या. फिल्टर ऑइलने भिजलेला दिसला तर इंजिनात ऑइल जास्त भरलंय का पाहा, कारण इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी डब्यातच उघडते.

पीयूसी काढताना पावती वाचा. 31 मार्च 2000 नंतरच्या, बीएस-4 च्या आधीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3.5 टक्के आहे. आकडा त्याच्या वर असेल तर गाडी स्टँडवरच रिच आहे, म्हणजे आधी चोक, फ्लोट आणि स्लो जेट.

एवढं करूनही कोन फिल्टर हवाच असेल, तर कंपनीच्या फिल्टरवर गाडी आधी बिनचूक लावून घ्या. मग मेन जेट एकेक आकड्याने वाढवत जा. दरवेळी मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसला थोडं अंतर न्या, क्लच दाबून किल्ली बंद करा, बाजूला थांबा आणि थंड झाल्यावर प्लग काढून बघा. बिस्किटी रंग आला की तिथेच थांबा.