पीडीएफ मिळेल का, मावशी?

भाच्याचा मेसेज येतो तेव्हा इकडे मध्यरात्र असते आणि तिकडे त्याची पहाट. "मावशी, एवढा एक पेपर काढून दे ना." खाली इंग्रजी शीर्षक, कधी नुसता डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक. तो महाराष्ट्रातल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस्सी करतो, मी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात शिकवते. आमच्या ग्रंथालयाच्या परवान्यात असं बाहेर पाठवणं बसत नाही, तरी मी काही वर्षं गुपचूप पाठवत आले. एकदा सहज पाहिलं, तर त्याने मागितलेलं जर्नल त्याच्याच विद्यापीठाला उघडं होतं. त्याला पत्ताच नव्हता.

सरकारी संस्थांतल्या सगळ्यांना संशोधनाची जर्नल्स वाचता यावीत म्हणून सरकारनेच एकत्रित वर्गणी भरायची, अशी 'वन नेशन, वन सब्स्क्रिप्शन' ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० ई-जर्नल्स आणि केंद्र-राज्य सरकारांच्या अखत्यारीतल्या ६,३००हून अधिक संस्था. कारभार विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे. तेव्हापासून तिकडचे मित्र दोन तट पडल्यासारखे भांडतात. एक म्हणतो, तालुक्याचं सरकारी कॉलेज आयआयटीच्या पंगतीला बसलं. दुसरा म्हणतो, संशोधनाला पैसा करदात्यांचा, लेख लिहिणारे आणि तपासणारे प्राध्यापक फुकट राबणार, आणि तेच लेख वाचायला परत परदेशी प्रकाशकांचे खिसे भरायचे.

तत्त्वाला मी दुसऱ्याच्या बाजूची. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९मध्ये एल्सेव्हिअर या बड्या जर्नल-प्रकाशकाशी कराराची बोलणी तोडली, दोन वर्षं कळ काढली आणि २०२१मध्ये आपल्या संशोधकांचे लेख सगळ्यांना खुले राहतील असा करार पदरात पाडून घेतला. अख्खा देश एक गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो तेव्हा घासाघीस याहून जास्त करता यायला हवी. पण या वादात एक गोष्ट दोन्हीकडून सुटते. विकत घेतलेलं वापरायला कोण शिकवणार?

मी तिकडे शिकले तेव्हा ग्रंथालय म्हणजे काउंटर. बीटी, म्हणजे पुस्तक घ्यायचं कार्ड, द्यायची, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं, शिपाई आतून आणून देईल ते घ्यायचं. नाव माहीत नसेल तर काय मागायचं, हा प्रश्न कोणाला पडत नसे. रीडिंग रूम भरलेली असायची, पण स्पर्धा परीक्षावाल्यांनी आणि त्यांच्याच गाइडांनी. इकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात विषय-ग्रंथपाल बाईंसोबत तासभर बसायला मिळालं. मी विषय सांगितला. त्या म्हणाल्या, "हा विषय झाला, तुझा प्रश्न काय?" मग प्रश्नातले शब्द सुटे केले, प्रत्येकाला पर्यायी शब्द शोधले, गूगल बंद करून संशोधन-लेखांचा डेटाबेस उघडला. चारशे निकालांचे तीस कसे करायचे, एका चांगल्या लेखाला पुढे कोणी संदर्भ दिला ते कसं पाहायचं, हे सगळं त्या एका तासात. तोवर मी पदव्युत्तर शिक्षण घेऊन बसले होते.

इकडे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. तो तास ऐच्छिक ठेवला की निम्मा वर्ग येत नाही. हल्ली निबंधांत असे संदर्भ सापडतात की जर्नल खरं, खंड-अंक खरा, फक्त तो लेख जगात कुठेच नाही. चॅटबॉटने मन लावून रचलेला. आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेचा ऑनलाइन कॅटलॉग जानेवारीपर्यंत बंद होता. ब्रिटिश पीएचडी प्रबंधांची 'इथॉस' ही सेवाही त्यात बुडाली. त्या काळात माझ्या विद्यार्थ्यांना मी शोधगंगा दाखवली. भारतीय विद्यापीठांचे लाखो प्रबंध, लॉगिन नाही, पैसे नाहीत. एक इंग्रज मुलगा म्हणाला, हे आम्हाला आधी कोणी का सांगितलं नाही. मला भाचा आठवला.

म्हणजे अडतं ते माणसापाशी. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत ग्रंथपालांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, आणि जिथे ग्रंथपाल आहेत तिथे ते कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली भरतात. वर्षातून एकदा 'युझर ओरिएंटेशन' होतं: हार, दीपप्रज्वलन, फोटो, अहवाल. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना संशोधन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा कोर्स सक्तीचा आहे, ते उत्तमच. पण त्याला उशीर झालेला असतो. कॉपी-पेस्टची सवय बीएच्या प्रकल्पातच लागते. ६,००० कोटींतला छोटासा भाग जरी पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन शिकवणाऱ्या ग्रंथपालांवर खर्च झाला, तर बाकीच्या पैशाचं चीज होईल, असं माझं ठाम मत आहे. मराठीत संशोधन करणाऱ्याला तर असा माणूस दुप्पट लागतो. या जर्नल्समध्ये त्याच्या कामाचं थोडंच. जुन्या मराठी मासिकांचे अंक कुठल्या संग्रहालयात, कोणत्या वर्षापर्यंतचे आहेत, हे सांगणारं माणूसच त्याचा डेटाबेस.

भाच्याला मी यावेळी पीडीएफ पाठवली नाही. ग्रंथालयात जा म्हटलं. तो कुरकुरत गेला. तिथल्या मॅडमनी लॉगिन करून दिलं, शेजारी खुर्ची ओढून अर्धा तास शोधून दाखवलं, आणि जाताना एका रजिस्टरवर सही घेतली. अनुक्रमांक चार होता.