मळीचं पाणी आणि ‘फुकटचं पोटॅश’: जरा हिशेब मांडू

उसाचं गाळप सुरू झालं की सोलापूर जिल्ह्यात मोहोळ, माढा, पंढरपूर, माळशिरसकडच्या गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘डिस्टिलरीचं मळीचं पाणी म्हणजे फुकटचं पोटॅश. एकरी दोन-तीन टँकर सोडा, खताचा खर्च वाचवा. शेत आपलं, त्यात काय सोडायचं ते आपण ठरवू. प्रदूषण मंडळवाले शेतकऱ्याच्या मुळावर उठलेत. तक्रार कराल तर कारखाना बंद पडेल आणि तुमचाच ऊस रानात वाळेल.’

पहिला घोळ शब्दाचाच आहे. आपण मळी म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या वस्तू एका पोत्यात भरतो. रस गाळल्यावर उरते ती काळपट, भुसभुशीत मळी, म्हणजे प्रेसमड. कुजवून टाकली तर ती जमिनीला चांगलीच. साखर काढल्यावर उरणारा चिकट पाक म्हणजे मोलॅसिस, तो डिस्टिलरीला जातो. मोलॅसिस आंबवून अल्कोहोल काढून घेतलं की मागे राहतं ते स्पेंटवॉश, आणि टँकरमध्ये असतं ते हे तिसरं. एक लिटर अल्कोहोलमागे ते साधारण आठ ते बारा लिटर निघतं. म्हणजे रोज ५०,००० लिटर अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीला रोज चार ते सहा लाख लिटर स्पेंटवॉशची सोय लावावी लागते. आटवून बॉयलरात जाळायचं तर यंत्रणा लागते, पैसा लागतो. टँकर त्या मानाने स्वस्त. प्रेसमडचा चांगला अनुभव सांगून स्पेंटवॉश गळ्यात मारलं जातं.

त्यात पोटॅश आहे का? आहे. ढोबळ एक टक्का धरलं तर दहा हजार लिटरच्या टँकरमधून शंभर किलो, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची सव्वातीन पोती. मोह पडावा असाच आकडा. पण आडसाली उसाला पोटॅशची शिफारस हेक्टरी १७० किलो, म्हणजे एकरी ६८ किलो आहे. एकाच टँकरने ती ओलांडली, आणि मजकूर दोन-तीन टँकर सांगतो. शिवाय आपल्या काळ्या जमिनीत पोटॅश मुळातच बऱ्यापैकी असतं. माती परीक्षणाचा कागद घरात असेल तर तो रकाना एकदा बघा.

पोटॅश एकटं येत नाही. क्लोराइड, सल्फेट वगैरे धरून टँकरमागे दोन-अडीचशे किलो क्षार रानात पडतात. कोकणात ते पावसाने धुऊन गेले असते. सोलापूरचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरचा, तोही लहरी. इथे क्षार वर येऊन बसतात. कालव्याखालची खारवट रानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘मग जिप्सम टाका’ असा सल्ला लगेच येतो. जिप्सम सोडियम हटवतं. साठलेले क्लोराइडचे क्षार त्याने जात नाहीत. त्यांना चर काढून गोड्या पाण्याने धुवावं लागतं, आणि तेवढं गोडं पाणी असतं तर गोष्ट वेगळी होती.

खरा धोका मात्र विहिरीला आहे. कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला प्राणवायू किती खातं त्याचं माप, लिटरला ४०,००० ते ६०,००० मिलिग्रॅम असतो. जमिनीवर सिंचनासाठी सोडायच्या सांडपाण्याला मर्यादा आहे १०० मिलिग्रॅमची. ५०,००० धरला तर एक टँकर पाचशे किलो प्राणवायू मागतो. चांगल्या पाण्यात लिटरला सातआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तीस फूट व्यासाच्या विहिरीत वीस फूट पाणी असेल तर ते सुमारे चार लाख लिटर. हिशेब केला तर एका टँकरला अशा दीडशेच्या वर विहिरींचा प्राणवायू लागतो.

‘काळी जमीन पाणी धरून ठेवते, खाली जाऊ देत नाही’ हे ओल्या जमिनीबद्दल खरं. टँकर येतात ते मोकळ्या रानात, जानेवारीपासून पुढे, जेव्हा हातभर खोल भेगा पडलेल्या असतात. पाणी त्या भेगांतून थेट मुरमात उतरतं आणि खडकाच्या सांध्यांतून उताराकडच्या विहिरीत निघतं. ती विहीर बहुतेक वेळा शेजाऱ्याची असते. पाणी आधी चहासारखं होतं, मग सडक्या अंड्यांचा वास येतो. उभ्या उसात सोडलं तर मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि दोष खताच्या कमतरतेला दिला जातो.

‘गॅस काढून घेतलेलं आहे, आता निर्धोक’ असंही टँकरचे चालक सांगतात. बायोगॅसनंतर बीओडी पाच-दहा हजारांवर येतो, म्हणजे तरीही मर्यादेच्या पन्नास ते शंभर पट. क्षार तर होते तेवढेच राहतात.

‘शेत आपलं’ या मुद्द्याला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ मध्ये सरळ उत्तर आहे. प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून नाल्यात, विहिरीत किंवा जमिनीवर जाऊ देण्याला तिथे मनाई आहे, आणि प्रवाहाच्या व्याख्येत भूगर्भातलं पाणीही येतं. सोडणारा आणि सोडू देणारा दोघेही त्यात येतात. म्हणून टँकरवाल्याने पुढे केलेल्या ‘माझ्या मागणीवरून पाणी घेतले’ अशा कागदावर सही करू नका. उद्या तो कागद तुमच्याविरुद्धच निघेल.

प्रदूषण नियंत्रण मंडळावरचा राग सगळाच खोटा नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं हे उघड आहे. संध्याकाळी केलेल्या फोनला अधिकारी दोन दिवसांनी आला तर नाल्यात सापडायला काही उरत नाही. पण म्हणून तक्रारच न करणं हे टँकरवाल्याच्या सोयीचं. तक्रार टिकेल अशी कशी करायची, ते बघा.

ऑक्टोबरात, हंगामाआधी, विहिरीचं पाणी तपासून घ्या: सामू (पीएच), क्षारता म्हणजे ईसी, क्लोराइड आणि पोटॅशियम. पोटॅशियम बहुतेकजण विसरतात, खरी खूण तीच. आपली माती पोटॅशियम धरून ठेवते, त्यामुळे विहिरीत ते एरवी थोडंच असतं. ते क्लोराइडसोबत एकदम चढलं आणि पाण्याला तपकिरी रंग आला, तर बोट स्पेंटवॉशकडे जातं. नायट्रेट वाढलेलं असेल तर आधी खत किंवा गटाराचा संशय घ्या. ईसी २.२५ (डेसिसायमन प्रति मीटर) च्या वर गेली की ते पाणी उसाला नको.

टँकर दिसला की क्रमांक, वेळ, गट नंबर आणि उताराची दिशा येईल असे फोटो घ्या. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन करा, पण त्याच दिवशी लेखीही द्या आणि पोच घ्या. तलाठ्याकडून पंचनामा मागा. स्वतः भरलेली बाटली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्याच १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना अधिकाऱ्याने, संबंधितांना नोटीस देऊन, दोन भाग करून, सील लावून घ्यावा लागतो. तरीही आपली बाटली भरून ठेवा, अधिकाऱ्याला घाई करायला तिचा उपयोग होतो. काठोकाठ भरा, बर्फात ठेवा, चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा. उशीर झाला की बीओडीचा आकडा खाली येतो. अधिकारी आल्यावर भेटीच्या अहवालाची प्रत मागा. कलम ४९ खाली साठ दिवसांची नोटीस देऊन तुम्हाला स्वतः कोर्टात जाता येतं आणि मंडळाला त्यासाठी संबंधित अहवाल द्यावे लागतात.

राहिला ऊस वाळण्याचा बागुलबुवा. स्पेंटवॉश डिस्टिलरीत तयार होतं, गाळपात नाही. बंदीचा आदेश डिस्टिलरीपुरता काढता येतो, त्याआधी कारणे दाखवा नोटीस आणि बँक हमीसारख्या पायऱ्याही असतात. डिस्टिलरी थांबली तर मोलॅसिस टाक्यांत साठतं, उसाची मोळी गव्हाणीत पडत राहते, म्हणजे गाळप चालूच राहतं.

पोटॅशच हवं असेल तर स्पेंटवॉश जाळून उरलेल्या राखेचं खत बाजारात येतं. मोलॅसिसपासूनचं पोटॅश या नावाने त्याला खत नियंत्रण आदेशात जागा आहे आणि त्यात किमान १४.५ टक्के पोटॅश असावं लागतं. पोत्यावर टक्केवारी छापलेली असते, पावती मिळते.

नुकसान होऊन गेलं असेल तर भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ आहे. अर्जाला मुदत पाच वर्षांची, आणि ती नुकसानीचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून मोजतात. विहिरीचा रंग पहिल्यांदा बदललेला दिसला ती तारीख म्हणूनच लेखी तक्रारीत, पोच घेऊन, यायला हवी.