लडाखला निघताना टायर २० पीएसआयवर? मामा, थांब जरा

गेले पंधरा दिवस तो मेसेज फिरतोय. ‘लडाखला फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) नेताय? आर्मीच्या ड्रायव्हरने सांगितलेल्या ५ गोष्टी, गॅरेजवाले कधीच सांगणार नाहीत.’ मला चार ग्रुपवर आला, चारही वेळा सोडून दिला. पण परवा तोच मेसेज नाशिकहून मामाने पाठवला आणि खाली लिहिलं, "गॅरेजवाल्याला ५ हजार ॲडव्हान्स दिलाय, एकूण ८५ हजार सांगतोय." गॅरेजवाले सांगणार नाहीत म्हणे, आणि पैसे घ्यायला बसलाय तो गॅरेजवालाच!

ज्यांना मेसेज आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गाडी ३ इंच लिफ्ट करा म्हणजे उंच करून घ्या, दोन साईज मोठे मड-टेरेन टायर टाका, मागे हेवी ड्युटी स्प्रिंग बसवा, टायरमध्ये घरून निघतानाच २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवा कारण उंचावर ती फुगते आणि टायर फुटतो, आणि नायट्रोजनच भरा. मामाची गाडी म्हणजे २०२१ ची थार, १६ इंची रिमवाली. माणसं दोन, मामा-मामी. सामान दोन बॅगा आणि मामीचे डबे.

चौथा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे जातील, ह्याने माणूस जाईल.

मामाला फोन केला तर म्हणाला, "अरे मागच्या वेळी लेहला वेफर्सचं पाकीट टम्म फुगलं होतं, मी डोळ्याने पाहिलंय, मग टायर नाही का फुगणार?" आता ह्यात पाव हिस्सा खरं आहे, आणि तोच घात करतो. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीला तो १४.७ पीएसआय असतो, नाशिकला पावणेचौदाच्या आसपास, लेहला साडेनऊच्या आसपास. हवा मोजायचं गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं, म्हणजे नाशिकला ३२ भरलेला टायर लेहला गेजवर ३६ दाखवेल. चार पीएसआय, बस. वेफर्सचं पाकीट प्लास्टिकचं असतं म्हणून तेवढ्याने फुगतं. टायरच्या आत स्टीलच्या तारांचे पट्टे असतात आणि त्याच्या बाजूवर जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, ४४ किंवा ५१ असा काहीतरी. वाचायला चष्मा लावावा लागतो एवढंच.

आणि हे ३६ सुद्धा तापमान तेच राहिलं तर. नाशिकला ३५ डिग्रीत हवा भरली आणि लेहला सकाळी ५ डिग्री असेल तर गारठ्यानेच साडेचार पीएसआय उतरतात. उंचीने चार चढले, थंडीने साडेचार उतरले, गेज परत बत्तिसाच्या आसपासच. ज्या गोष्टीला घाबरून मामा हवा सोडणार होता ती मुळात घडतच नाही.

आता २० वर ठेवल्याने काय घडतं ते बघा. मामा निघणार नाशिकहून, म्हणजे मे-जूनच्या उन्हात धुळे, मग सेंधव्याचा बिजासन घाट, पुढे इंदूर. रस्ता भाजतोय, गाडी शंभरच्या स्पीडला. १६ इंची रिमवरचा थारचा टायर शंभरला सेकंदाला अकरा-साडेअकरा वेळा फिरतो, म्हणजे साइडवॉलचा (टायरच्या बाजूच्या भिंतीचा) प्रत्येक भाग तासाला चाळीस हजार वेळा दबतो आणि सरळ होतो. हवा पुरेशी असेल तर थोडासाच दबतो, कमी असेल तर पार मुडपतो. बाइंडिंग वायर हाताने वाकवून वाकवून तोडून बघा, तुटायच्या आधी जिथे वाकते तिथे बोटाला चटका बसतो. रबराचं आत तेच होतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एकदम जातो. म्हणजे फुटू नये म्हणून हवा सोडायची आणि नेमकं त्यामुळेच फोडायचा, तेही लडाखच्या हजार किलोमीटर आधी. शिवाय टायरवर लिहिलेली वजनाची क्षमता पूर्ण हवेची असते, २० पीएसआयची नाही.

हवा कमी करायची वेळ येते, नाही असं नाही. जैसलमेरच्या वाळूत १८-२० वर आणतात, टायर पसरतो, रुतत नाही. पण तिथे स्पीड सायकलचा असतो आणि डांबरी लागली की पहिलं काम कंप्रेसर लावून परत भरायचं. त्या आर्मीवाल्या ड्रायव्हरने (असलाच तर) बहुतेक हे सांगितलं असावं आणि फॉरवर्ड करणाऱ्याने अर्धंच ऐकलं. आकडा शोधायला मेसेज कशाला लागतो? ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर आहे, भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा दिला असेल तर तो घ्या, टायर थंड असताना भरा. गाडी बनवणाऱ्याने टेस्ट करून चिकटवलेला कागद आहे तो, मामाने वर पार्किंगचा पास चिकटवलाय.

 

लिफ्ट. "खालून दगड लागतो रे," मामाचं म्हणणं. बरोबर, पण लागतो कुठे? थारला मागे दोन्ही चाकांना जोडणारा सरळ अखंड ॲक्सल आहे आणि मधोमध डिफरन्शियलचा (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरचा) गोळा लोंबतोय. स्प्रिंगखाली ३ इंचाचा स्पेसर (ठोकळा) टाकला तर बॉडी ३ इंच वर जाते, तो गोळा जागच्या जागी, कारण तो चाकांना जोडलेला आहे, बॉडीला नाही. विश्वास नसेल तर लिफ्टच्या आधी आणि नंतर टेप घेऊन गाडीखाली झोप. गोळा वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर, आणि त्यातही वाढीच्या निम्मं मिळतं: २४५/७५ चा (रुंदी २४५ मिमी, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के) २६५/७५ केला तर व्यास ३० मिमी वाढतो, गोळा १५ मिमी वर. एका बोटाची जाडी! पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होतात, तिथे पुढचं डिफरन्शियल वर जातं खरं, पण मग चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात, रबरी बूट फाटतात, आत माती जाते आणि शाफ्टच्या टोकाचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, कटकट करायला लागतो. वर गाडीचा गुरुत्वमध्य उंच, मामा घाटात कशी वळणं घेतो ते मामीला विचारा.

आणि कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि त्यावर जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल: कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत. दंड प्रत्येक बदलामागे ५,००० आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला हेच कलम काढून बसतो ते वेगळं.

मड-टेरेन टायर चिखलासाठी असतात, नावातच आहे. नाशिक ते मनाली डांबरी, अटल टनेल २०२० पासून चालू आहे, बहुतेक प्रवास काळ्या रस्त्यावर, तिथे ते घोंघावतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला मार खातात. हां, ग्राम्फू ते लोसर असं स्पितीकडे वळणार असाल तर तिथले दगड पातळ साइडवॉल सुरीसारखी कापतात, हे मान्य. त्याला जाड साइडवॉलचा ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीचा) घ्या, साईज कंपनीचीच, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्यापेक्षा कमी नको.

हेवी स्प्रिंगचं अर्धं खरं आहे, जिवावर येतंय पण कबूल. ज्यांची गाडी कायम तंबू, फ्रिज, पाण्याच्या टाक्या घेऊन फिरते त्यांची मागची बाजू बसते, त्यांना लागतात. त्यांनी सामान भरून आधी वजनकाट्यावर जावं, मग त्या वजनाची स्प्रिंग मागावी. दोन माणसं आणि चकलीच्या डब्यासाठी टाकली तर मागची चाकं खडबडीत रस्त्यावर उड्या मारतील, पकड जाईल. मामाचे शॉक ॲब्सॉर्बर ७० हजार किलोमीटर झालेले आहेत, एकातून तेल गळतंय, मी स्वतः पुसून बघितलंय, परत ओलं झालं. बदलायचे ते आहेत!

नायट्रोजन: साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. पुढे.

मामाने शेवटी विचारलं, "मग ८५ हजारांचं काय करू?" चार शॉक, एक बरा कंप्रेसर, एक गेज, पंक्चर किट, अलाइनमेंट आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघ म्हटलं, उरलेल्याचं डिझेल. ॲडव्हान्सचे ५ हजार परत मागायला मात्र मी येणार नाही.