सर्व्हिसिंगनंतर सहा आठवड्यांत ब्रेक किंचाळू लागला: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी दोन-तीनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्ण सर्व्हिसिंग करून नेलेली सायकल सहा आठवड्यांत पुन्हा कटकट करू लागली. मागचा ब्रेक किंचाळतो आणि नीट लागतही नाही. न विचारता चेन बदलून बिलात लावली. आणि सायकल परत दाखवायला आलात, तेव्हा आमच्या माणसाने "तुम्हीच धुवून वाट लावलीत" असं चारचौघांत सुनावलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, "घरी सायकलची निगा कशी राखायची हे कुणी सांगत नाही, बिघडली की दोष मात्र आपल्या माथी."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल, पण सगळ्या मुद्द्यांना देतो.

आधी वागण्याबद्दल. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की पहिल्यांदा सायकल स्टँडवर चढवायची आणि मग बोलायचं, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. त्या दिवशी उलटं झालं. त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. त्या मुलाशीही बोललो आहे.

आता चेन. ती बदलायलाच हवी होती, या मतावर मी ठाम आहे. पण तुम्हाला विचारायला हवं होतं, हेही तितकंच खरं. आम्ही एकदा फोन केला, तो उचलला गेला नाही आणि मेकॅनिकने काम उरकून टाकलं. पुन्हा फोन करायला हवा होता किंवा सायकल तशीच ठेवायला हवी होती. तुमची जुनी चेन मी जपून ठेवली आहे. आलात की तुमच्यासमोर मोजू, आणि पटलं नाही तर चेनचे पैसे परत देईन.

मोजायचं कसं ते इथेच सांगतो, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून राहायला नको. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच असतं, साध्या सायकलीचं असो की भारी गिअरवालीचं. म्हणजे नव्या चेनवर पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरला, तर पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. चेन ताणून धरायची, सैल नाही. पिना आणि त्या ज्या भोकांत फिरतात ती झिजत गेली की ही चोविसावी पिन 12 इंचांच्या पुढे सरकते. दीड मिलिमीटर सरकली की लक्ष ठेवायचं. मागे अकरा-बारा गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, असेल तर तेव्हाच बदललेली बरी. सव्वादोनच्या आसपास गेली की कुठलीही गिअरची चेन बदलावी. तीन मिलिमीटरपर्यंत ओढत नेली, तर तोवर तिने कॅसेटचे दातेही खाल्लेले असतात. मग नुसती नवी चेन टाकून भागत नाही, कारण झिजलेल्या दात्यांवर ती जोर लावला की उड्या मारते. तुमची चेन अडीच मिलिमीटर पुढे गेली होती. कॅसेट वाचली, ती याच वेळी बदलल्यामुळे. हेच तुम्हाला पट्टी धरून दाखवलं असतं तर वाद झालाच नसता.

ब्रेकच्या बाबतीत मात्र चूक आमची आहे. सर्व्हिसिंगनंतर आम्ही एक कार्ड देतो. त्यावर कित्येक वर्षं एक ओळ छापलेली आहे: "दर महिन्याला सायकल स्वच्छ करून ऑइल स्प्रे मारावा." तुमची तक्रार वाचल्यावर मी ते कार्ड हातात घेऊन बसलो. कुठे मारावा, किती मारावा, कुठे अजिबात मारू नये, यातलं काहीही त्यावर नाही. तुम्ही कार्डावर लिहिलं होतं तेच केलंत. कॅसेटवर आणि चेनवर स्प्रे मारलात, आणि त्याचे बारीक तुषार आऱ्यांमधून पलीकडे जाऊन डिस्कवर, म्हणजे ब्रेक जिला दाबून चाक थांबवतो त्या चकतीवर बसले. मागच्या चाकाला उजवीकडे कॅसेट, डावीकडे डिस्क. मध्ये अंतर वीतभरसुद्धा नसतं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ब्रेक पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या, ते तेल शोषून घेतात. मग ब्रेक आधी किंचाळतो आणि हळूहळू लागेनासा होतो.

डिस्कची पाती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसली की साफ होते. पॅडचं तसं नाही. तेल प्यायलेला पॅड पॉलिश पेपरवर घासला किंवा तापवला तर दोन दिवस बरा वाटतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. ब्रेकच्या बाबतीत मला असा तात्पुरता इलाज नको वाटतो. तुमचे मागचे दोन्ही पॅड आम्ही आमच्या खर्चाने बदलून देऊ. तोवर कृपया ती सायकल रस्त्यावर काढू नका.

त्या स्प्रेबद्दल आणखी एक गोष्ट, कारण हा घोळ घरोघरी होतो. ज्याला आपण सरसकट ऑइल स्प्रे म्हणतो, तो बहुतेक वेळा पाणी हटवणारा आणि गंज सोडवणारा पातळ द्रव असतो. अडकलेला बोल्ट सोडवायला उत्तम. पण चेनवर मारला की रोलरच्या, म्हणजे प्रत्येक पिनेवर फिरणाऱ्या छोट्या नळीच्या, आतलं चांगलं तेलही धुवून काढतो आणि स्वतः फार दिवस टिकत नाही. चेन दोन दिवस चकचकीत दिसते, मग कोरडी पडून आवाज करू लागते. आवाज येतो म्हणून माणूस पुन्हा स्प्रे मारतो.

चेनला तेल हवं ते आत, पिन आणि रोलरच्या मध्ये. बाहेरून दिसणाऱ्या तेलाचा उपयोग शून्य. उलट त्यावर धूळ चिकटते, आणि ती काळी चिकट पेस्ट चेन आणि दाते पॉलिश पेपरसारखी घासत राहते. म्हणून आधी चेन पुसायची. जुनं सुती फडकं चेनभोवती मुठीत धरायचं आणि दुसऱ्या हाताने पॅडल उलटं फिरवायचं, फडक्यावर काळं उतरायचं कमी होईपर्यंत. फार घाण असेल तर डीग्रीझर (तेलकट घाण सोडवणारा द्रव) किंवा थोडं रॉकेल जुन्या टूथब्रशला लावून घासा, पण ते डिस्ककडे, टायरवर आणि हबमध्ये (चाकाच्या मधल्या, अक्षावर फिरणाऱ्या भागात) जाऊ देऊ नका. मग चेन पूर्ण वाळू द्या. ओल्या चेनला तेल घातलं तर ते आत शिरतच नाही.

त्यानंतर चेनचं तेल, सायकलच्या चेनसाठीच मिळतं ते. चेनची जी बाजू खालून जाते, तिच्या वरच्या अंगाला, म्हणजे दात्यांवर टेकणाऱ्या बाजूला, एकेका रोलरवर एकेक थेंब. चेनचा जोड ओळखून तिथून सुरू केलं की कुठवर आलो ते कळतं. शंभर-सव्वाशे रोलर असतात, पाच मिनिटं लागतात. पॅडल थोडा वेळ उलटं फिरवा आणि सायकल तशीच ठेवून द्या, रात्रभर ठेवलीत तर उत्तमच. सकाळी बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. हे शेवटचं पुसणं बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या अनुभवात अर्ध्या चेना त्यामुळेच वेळेआधी जातात. "दर महिन्याला" हेही आमच्या कार्डावर चुकीचंच आहे. पावसात भिजली की त्याच दिवशी पुसून तेल घाला. कोरड्या दिवसांत चेन कुरकुरायला लागण्याच्या जरा आधी. दोन-तीनदा केलंत की कान आपोआप तयार होतो.

आता धुण्याबद्दल. इथे तुमच्याकडूनही थोडं चुकलं आहे. तुम्ही सायकल गाड्या धुण्याच्या ठिकाणी प्रेशर गनने धुवून घेतलीत, असं मेकॅनिकला सांगितलंत. हबला, पॅडलच्या अक्षाला आणि हँडलच्या मुळाशी रबरी सील असतात. पावसाचं पाणी आणि चिखलाचे शिंतोडे त्यांना पुरून उरत नाहीत, पण गनच्या झोताचा नेम ठेवला की पाणी सील ओलांडून थेट बेअरिंगमध्ये जातं. आतलं ग्रीस पाण्यात मिसळून दुधासारखं पांढरट होतं आणि मग छर्रे गंजू लागतात. त्या दिवशी मेकॅनिकने मागचं चाक उचलून फिरवलं, तेव्हा सीट धरलेल्या हाताला बारीक खरखर जाणवत होती. घरीही हे पाहता येतं: चाक जमिनीवरून उचला, एक हात फ्रेमवर किंवा सीटवर ठेवा आणि चाक हळू फिरवा. चांगला हब हाताला कळतसुद्धा नाही.

वेळीच उघडला तर साफ करून, नवं ग्रीस भरून हब वाचतो. उघडण्याची आणि भरण्याची मजुरी मी घेणार नाही, कारण धुताना काय टाळायचं हे आम्ही कधी सांगितलंच नाही. छर्रे किंवा ते ज्यावर फिरतात ते कोन (शंकूसारखे भाग) खड्डे पडून गेले असतील, तर तेवढ्या सुट्या भागांचे पैसे मात्र तुम्हाला द्यावे लागतील. यापुढे एक बादली, पाण्यात थोडा भांड्यांचा सौम्य साबण, मऊ ब्रश आणि स्पंज एवढंच पुरे. फ्रेमचा स्पंज आणि चेनचा ब्रश वेगळे ठेवा. पाणी वरून ओता, अक्षांवर झोत सोडू नका. धुऊन झाली की दोनदा आपटून पाणी झटका, पुसा आणि सावलीत वाळवा.

राहिली ती कटकट. पॅडल मारताना प्रत्येक फेऱ्याला एकदा, डाव्या बाजूने आवाज येतो, असं तुम्ही लिहिलंय. सायकल समोर नसताना खात्रीने सांगता येत नाही. पण आमच्या कामाच्या नोंदीत पॅडल काढून बसवल्याचं आहे आणि "ग्रीस लावलं" या रकान्यात खूण नाही. कोरड्या आट्यांवर कसलेलं पॅडल हुबेहूब असाच आवाज करतं, आणि लोकांना वाटतं आतलं बेअरिंग गेलं. म्हणजे हीही बहुधा आमचीच चूक. दोन मिनिटांचं काम आहे, आल्यावर तुमच्यासमोर करू. घरी करून पाहायचं असेल तर एक लक्षात ठेवा: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. जोर लावून उलट्या बाजूने ओढलं तर क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे जातात, मग काम मोठं होतं.

तुमच्या अभिप्रायानंतर जुनी कार्डं मी काढून टाकली आहेत. नव्या कार्डावर वरच्या गोष्टी लिहिल्या आहेत आणि आठवड्यातून एकदा करायचं एवढंच: टायरच्या कडेला छापलेल्या आकड्यांच्या मर्यादेत हवा भरणं, ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहणं, आणि चाक फिरवून ते डुगडुगत नाही ना ते बघणं. सायकल ताब्यात देताना चेनला तेल घालायची रीत प्रत्यक्ष करून दाखवायची, असंही आता ठरवलं आहे. पहिल्यांदा ती तुम्हाला मी स्वतः दाखवीन.

सायकल कधी आणताय ते कळवा. आम्ही न्यायला यायचं असेल तर तेही सांगा, ब्रेक नसताना तुम्ही चालवत आणू नका. आणि एक विनंती: आणण्याआधी ती धुऊ नका, पुसूही नका. चेनवरचं काळं, डिस्कवरचा थर, हबच्या कडेला आलेलं ग्रीस, सगळं आहे तसं मला बघायचं आहे.