कुलूप दिसलं म्हणजे दुकान खरं? कुणी सांगितलं!

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. 'साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप, कॅश ऑन डिलिव्हरी आणि खाली जीएसटी नंबर, तिन्ही असतील तर डोळे झाकून ऑर्डर करा.' डोळे झाकून म्हणे!

कुलपाचं आधी. त्याचा अर्थ इतकाच की तुमचं आणि साइटचं बोलणं मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही, पण पलीकडे बसलेला चोर आहे की साव हे त्यातून कळत नाही, आणि ते सर्टिफिकेट फुकट मिळतं, चोरालाही. लोक हाच घोळ करतात म्हणून तर गुगलने २०२३ मध्ये क्रोममधलं कुलूपच काढून टाकलं.

आता सीओडी. माझ्या मावशीने 'अस्सल येवला हातमाग पैठणी' मागवली, १,४९९ ला. (एवढ्यात नुसतं रेशीम तरी येतं का, पण तेव्हा ऐकतंय कोण.) डिलिव्हरीवाला पोरगा म्हणाला आधी पैसे मग पार्सल, त्याचंही बरोबर, त्याला तोच नियम. फोडलं तर पदरावरचा मोर पुढून झकास आणि उलटं केलं तर मागे नुसते लोंबणारे धागे. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो, हे आपल्या जिल्ह्यातल्या बाईला सांगायला नको, पण फोटोत मागची बाजू दाखवतंय कोण? कुरियरवाले म्हणाले विकणाऱ्याशी बोला, विकणाऱ्याचा फोन बंद.

जीएसटी नंबर तर कुणाचाही चिकटवता येतो. मावशीच्या त्या साइटवर पत्ता नाशिकचा आणि नंबरची सुरुवात २४ ने! २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून बघितला तर निघाला कुणा पाइपच्या व्यापाऱ्याचा, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

रिव्ह्यूंचं तर बोलायलाच नको, सगळे एकाच आठवड्यातले.

त्यापेक्षा हे करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर कंपनीचं नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर द्यावाच लागतो. तो नंबर ऑर्डरच्या आधी लावून बघा, नंतर नाही. आणि फसलातच तर यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०, माल खोटा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मावशीची तक्रार आम्ही १९१५ वरच टाकलीय, पदराच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवलाय.