चिप लावली म्हणून नाणे अस्सल ठरत नाही

सोलापुरात जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ज्याच्या त्याच्या फोनवर तो येऊन पडलाय, आणि बहुतेकजण न वाचताच पुढे ढकलतायत. मजकूर थोडक्यात असा: ‘आता फसवणूक विसरा. चिप बसवलेल्या पेटीतलेच नाणे घ्या. चिपची नक्कल होत नाही. मोबाइल टेकवा, हिरवी खूण आली की नाणे शंभर टक्के अस्सल. जाणकाराला दाखवायची गरज नाही. नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे कायमची. सोन्याच्या हॉलमार्कसारखेच समजा. आणि चिप नसलेले नाणे फुकट दिले तरी घेऊ नका.’

शेवटचे वाक्य वाचल्यावर मला गप्प बसवेना. त्याच्याकडे शेवटी येतोच. आधी बाकीचे दावे बघू. मेसेजमधली पेटी म्हणजे नाणे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने नाणे आत ठेवून बंद केलेली प्लॅस्टिकची डबी.

‘चिपची नक्कल होत नाही.’ कुठल्या चिपची? मोबाइल टेकवून वाचल्या जाणाऱ्या या एनएफसी चिपा सगळ्या सारख्या नसतात. स्वस्तातली चिप मोबाइल जवळ नेला की आपला क्रमांक आणि आत लिहून ठेवलेला वेबपत्ता सांगते, बस. कोणीही विचारले तरी तेच उत्तर. तो पत्ता कोऱ्या चिपवर उतरवायला मोबाइलमधले फुकटचे अॅप पुरते. क्रमांक तरी कारखान्यात पक्का केलेला असतो म्हणावे, तर क्रमांक हवा तसा बदलता येणाऱ्या चिपाही विकत मिळतात. चिपच्या आत गुप्त किल्ली, म्हणजे कुलूप उघडणारा गुप्त आकडा, असली म्हणजे निश्चिंत, असेही नाही. मायफेअर क्लासिक ही चिप कितीतरी देशांत प्रवासाच्या कार्डांमध्ये होती. तिचे कुलूप २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी उघडून दाखवले.

चांगल्या चिपाही आहेत, हे मी नाकारत नाही. एनटॅग ४२४ डीएनए ही त्यातली एक. तिच्या आत एईएस या सांकेतिक पद्धतीची १२८ बिटांची किल्ली असते आणि ती किल्ली कधी बाहेर पडत नाही. मोबाइल टेकवला की आतली मोजणी एकने वाढते, तिच्यावरून नवा संकेत तयार होतो आणि तो वेबपत्त्याच्या शेपटाला जोडला जातो. पलीकडचा सर्व्हर तो संकेत तपासतो. विक्रेत्याच्या समोर करता येईल अशी एक चाचणी यातूनच निघते. एकाच पेटीला मोबाइल दोनदा टेकवा आणि दोन्ही वेळा उघडलेला पूर्ण पत्ता बघा. शेवटची अक्षरे दोन्ही वेळा तीच असतील, तर त्या चिपची नक्कल करणे मुळीच अवघड नाही. अक्षरे बदलली तर निदान पुढे बोलण्यात अर्थ आहे.

निदान म्हणतो, कारण पुढचा दावा ‘हिरवी खूण आली की झाले’ असा आहे. ही खूण चिप दाखवत नाही, ती वेबसाइट दाखवते. कोणती वेबसाइट उघडायची हे चिपमध्ये ज्याने पत्ता लिहिला त्याने ठरवलेले असते. भामट्याने स्वतःची साइट काढून तिथे हिरवी खूण ठेवली तर तुमचा मोबाइल तीही तितक्याच इमानाने दाखवेल. म्हणून पत्त्यातले नाव अक्षर न् अक्षर वाचा. त्याहून बरे म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची साइट स्वतः शोधून उघडा आणि पेटीवरचा क्रमांक हाताने टाका.

आता समजा चिप खरी, साइटही खरी. तरी आतले नाणे तेच आहे कशावरून? चिप नाण्यात नसते, नाण्याला भोक पाडून कोणी ती बसवत नाही. धातूमुळे या चिपांच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींनाही अडथळा येतो. त्यामुळे चिप बसते ती प्लॅस्टिकच्या पेटीत. पीसीजीएस ही अमेरिकेतली प्रमाणन संस्था पेट्यांत एनएफसी चिप घालते, ती मुख्यतः बनावट पेट्यांना आळा घालायला. ते काम ती करेल. पण अस्सल पेटी जपून उघडून आत दुसरे नाणे ठेवले आणि कड पुन्हा चिकटवली, तर चिप पूर्वीचेच उत्तर देत राहते. सोलापूरकरांना हे नव्याने सांगायला नको. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी परगावच्या मालावर ‘सोलापुरी’ लेबल शिवलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहे.

म्हणून पेटीची कड उजेडात धरा. धुरकट पट्टा, गोंदाचा थेंब, कोपऱ्यावर चीर दिसली तर थांबा. मग संस्थेच्या नोंदीतला फोटो मोठा करून हातातल्या नाण्याशी ताडा. शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याच्या बाबतीत हे फार सोपे आहे. हाताने छापलेले नाणे, ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. त्यामुळे एकीवर ‘श्री राजा शिव’मधला ‘श्री’ अर्धा कापलेला, तर दुसरीवर ‘छत्रपति’च्या भोवतीचे ठिपके एकाच बाजूला उरलेले. दोन शिवरायांचा छाप हुबेहूब जुळत नाही. जुळलाच, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेल्या असण्याची शंका आधी घ्यावी.

‘जाणकाराची गरज नाही’ हे मला सगळ्यात घातक वाटते. ही चिप अमुक संस्थेने लावली, यापलीकडे चिप काही सांगत नाही. त्या संस्थेने नाणे नीट पारखले का, हे तिला माहीत नसते. कालपरवा निघालेल्या एखाद्या संस्थेने ओतीव शिवराईला उत्तमातली चिप लावली, तर ती अस्सल चिप लावलेली खोटी शिवराई होते. ओतीव नाणे भिंगाखाली सापडते: कडेवर सांध्याची रेघ, पृष्ठावर बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा मऊ पडलेल्या.

चांदीच्या रुपयाचे उदाहरण घ्या. व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे राणी छाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के. सहाव्या जॉर्जच्या रुपयात १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, वजन मात्र तेच राहिले. १९३९ सालचा जुन्या चांदीचा रुपया दुर्मिळ, त्यामुळे नंतरच्या रुपयावरचे साल खोडून १९३९ कोरण्याचा मोह तिथे होतो. नुसत्या तराजूने ही लबाडी कळणार नाही. मंगळवार पेठेतल्या सराफाकडे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत तोलणारा काटा असेल, तर नाणे दोऱ्याने पाण्यात बुडते टांगून तोला. ९१.७ टक्क्यांचा रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने हलका भरतो, निम्म्या चांदीचा सुमारे १.२२ ग्रॅमने. फरक केसाएवढा असला तरी काट्यावर दिसतो. पेटीत बंद करून ठेवलेल्या नाण्याची ही परीक्षा तुम्हाला करताच येत नाही. म्हणून पेटी बंद करणारा कोण, हे बघणे जास्त महत्त्वाचे.

ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, मागाहून बदलता न येणारी नोंदवही. तिचे फार बोलायला नको. चूक लिहिली तर तीही तिथे कायम राहते. शिवाय मोबाइलला उत्तर बहुतेक वेळा कंपनीचा साधा सर्व्हर देतो, तो बंद पडला की हिरवी खूणही गेली. साध्या एनटॅग २१३ चिपमधला मजकूर टिकण्याची मुदत निर्माते १० वर्षे सांगतात. शिवराई साडेतीनशे वर्षे टिकली आहे.

हॉलमार्कशी तुलना तर साफ चुकीची. दागिन्यावरच्या सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी या ओळख क्रमांकामागे कायदा आहे, भारतीय मानक ब्युरोने मान्य केलेले तपासणी केंद्र आहे. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर अॅपमध्ये क्रमांक टाकला की शुद्धतेबरोबर दागिन्याचा प्रकारही दिसतो; हातात बांगडी आणि अॅपवर अंगठी, म्हणजे क्रमांक उचललेला. जुन्या नाण्यांवरच्या चिपांमागे असा कायदा नाही. कोणीही चिप लावू शकतो.

राहिले ते शेवटचे वाक्य. या जिल्ह्यात अक्कलकोटपासून पंढरपूरपर्यंत कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाला राणी छाप रुपये काढले जातात, देव्हाऱ्याच्या खणात शिवराया पडून असतात. त्यांना ना पेटी, ना चिप. पिढ्यान्पिढ्या एकाच घरात राहिल्या, हीच त्यांची मोठी साक्ष. ‘चिप नाही म्हणजे खोटे’ हे एकदा लोकांच्या मनात बसले, की असले नाणे मोडीच्या भावात मागणाऱ्याचे फावते, आणि घरातली म्हातारी माणसे संकोचाने देऊनही टाकतात. तुमच्या घरी अशी नाणी असतील तर दिवाळीआधी चिंच लावून, राखेने घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, नाणी कोणाकडून कशी आली हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या, वजन आपल्या डोळ्यांदेखत करून घ्या. आणि चिप नाही म्हणून भाव पाडणाऱ्याला आधी नाण्यातला दोष भिंगाखाली दाखवायला सांगा.